हिस्टोग्राम की बॉक्स प्लॉट? वितरणाचा आकार बघायचा असेल तर

हातात आकड्यांचा एक रकाना आहे आणि अहवालात एकाच आकृतीपुरती जागा आहे. काय काढावं? माझं मत आधीच सांगतो. एका गटाचा आकार समजून घ्यायचा असेल तर हिस्टोग्राम (आकड्यांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गात किती नोंदी, हे दाखवणारे स्तंभ), अनेक गट शेजारीशेजारी ठेवायचे असतील तर बॉक्स प्लॉट (पाच आकड्यांवरून काढलेली पेटी). मात्र बॉक्स प्लॉट छापायचा ठरला तरी प्रत्येक गटाचा हिस्टोग्राम आधी स्वतः बघून घ्या. याबाबत मी आग्रही का आहे, ते एका उदाहरणावरून कळेल.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचं गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं आहे. त्याच्या २७२ उद्रेकांची नोंद ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आयतीच मिळते. प्रत्येक उद्रेक किती मिनिटं चालला, एवढंच आपण बघू. सर्वांत छोटा १.६ मिनिटांचा, सर्वांत मोठा ५.१ मिनिटांचा. पहिलं चतुर्थक (ज्याच्या खाली पाव नोंदी येतात) २.१६, मध्यक (बरोबर मधलं मूल्य) ४, तिसरं चतुर्थक (ज्याच्या खाली पाऊण नोंदी येतात) ४.४५.

या पाच आकड्यांवरून बॉक्स प्लॉट काढला की पेटी २.१६ पासून ४.४५ पर्यंत येते, मध्यकाची रेघ वरच्या कडेला सरकलेली दिसते आणि बाहेर एकही सुटा ठिपका, म्हणजे फार दूर पडलेलं मूल्य, नसतो. हे बघून कुणीही म्हणेल की शेपटी, म्हणजे विरळ होत गेलेली लांब बाजू, लहान किमतींकडे आहे; यालाच ऋण विषमता म्हणतात. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे हे वाचन बरोबरच आहे.

आता १.५ पासून सुरुवात करून अर्ध्या मिनिटाचे वर्ग पाडा. वारंवारता, म्हणजे प्रत्येक वर्गातल्या उद्रेकांची संख्या, अशी येते: ५५, ३७, ५, ९, ३४, ७५, ५४, ३. शेपटी कुठे आहे? इथे तर सरळ दोन टेकड्या आहेत, एक दोन मिनिटांजवळ, दुसरी साडेचारच्या आसपास. मधल्या अडीच ते साडेतीन मिनिटांच्या पट्ट्यात २७२ पैकी जेमतेम १४ उद्रेक. सरासरी काढलीत तर ३.४९ येते, म्हणजे ती नेमकी त्या दरीत पडते. पेटीच्या ज्या मधल्या भागात आपण गर्दी गृहीत धरतो, तोच इथे जवळजवळ ओसाड आहे.

बॉक्स प्लॉट खोटं बोलला नाही. त्याच्याकडे सांगायला पाचच आकडे असतात आणि दोन शिखरं त्यांत मावत नाहीत. दोन शिखरं दिसली की पहिला प्रश्न असा विचारायचा: इथे दोन वेगळे गट एकत्र मिसळलेत का? दोन यंत्रं, दोन पाळ्या, दोन प्रकारचे ग्राहक? उत्तर ‘हो’ असेल तर एकत्रित सरासरी सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही.

हिस्टोग्रामवरही डोळे मिटून विसंबू नका. तेच २७२ आकडे दोन मिनिटांच्या वर्गांत टाकले तर १०६ आणि १६६ असे दोनच स्तंभ उरतात आणि दरी गायब होते. वर्गाच्या सीमेवरचं मूल्य कुठे मोजायचं यानेही फरक पडतो. वरच्या अर्ध्या मिनिटाच्या वर्गांत, दोन मिनिटं अगदी काटेकोर भरलेले उद्रेक पहिल्या वर्गात धरले आहेत. ते पुढच्या वर्गात टाकले की पहिला स्तंभ ५५ वरून ५१ वर येतो.

वर्ग किती पाडावेत यासाठी सूत्रं आहेत. १९२६ सालचं स्टर्जेसचं सूत्र इथे साधारण ९ वर्ग सुचवतं. १९८१ सालचं फ्रीडमन-डायकोनिस सूत्र ०.७ मिनिटांच्या आसपास रुंदी सांगतं. दोन्हींत दरी टिकते. मी सूत्रावर थांबत नाही. तीन वेगळ्या रुंदी घेऊन बघतो: सूत्राची, तिच्या निम्मी आणि तिच्या दीडपट. तिन्हींत दिसेल ते वैशिष्ट्य खरं मानतो, एकाच रुंदीला उगवलेलं शिखर सोडून देतो.

साधी एकशिखरी विषमता मात्र दोन्ही आकृत्या नीट दाखवतात. उजवीकडे लांब शेपटी असेल तर सरासरी बहुधा मध्यकाच्या पुढे जाते. बॉक्स प्लॉटमधले ठिपके वाचताना जपून. पेटीच्या कडेपासून तिच्या लांबीच्या दीडपटीपलीकडे गेलेलं मूल्य ठिपका म्हणून दाखवायची प्रथा आहे. प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणातही सुमारे ०.७ टक्के मूल्यं तिथे पडतात, आणि घातांकी वितरणात, जिथे शेपटी मुळातच लांब असते, तब्बल ४.८ टक्के. हजार नोंदींत जवळजवळ पन्नास ठिपके, आणि त्यांतला एकही चुकीचा नाही! ठिपका दिसला म्हणून नोंद खोडून टाकणं हा माझ्या मते बॉक्स प्लॉटचा सर्वांत महागात पडणारा गैरवापर आहे.

गट वाढले की मात्र पारडं फिरतं. बारा महिन्यांचे बारा हिस्टोग्राम, तेही सगळ्यांचे अक्ष सारखे ठेवून, वाचायला डोळे थकतात, आणि एकावर एक रंगवले तर नुसता चिखल होतो. बारा पेट्या ओळीने उभ्या केल्या की मध्यक कुठे चढला, पसारा कुठल्या महिन्यात वाढला, हे एका नजरेत कळतं.

नोंदी वीसपेक्षाही कमी असतील तर या दोन्ही आकृत्या बाजूला ठेवा. एवढ्या थोड्या आकड्यांत स्तंभांचा आकार योगायोगानेही बनतो, आणि पेटीची कड एखाद्या नोंदीने सरकते. एका रेषेवर प्रत्येक मूल्याचा एक ठिपका मांडा, सारखी मूल्यं आली तर एकावर एक रचा.