आरक्लोन वापरून बघितलं: लिनक्सवर क्लाउड सिंकचा माझा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर ११ चढणार नाही हे कळल्यावर मी जूनमध्येच लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. मशीन एकदम पळायला लागलं, प्रिंटर न मागता चालला, मराठी कीबोर्ड दोन मिनिटांत. अडलं फक्त क्लाउडपाशी. मी मुद्रितशोधनाचं काम करतो, जुलै ते सप्टेंबर दिवाळी अंकांचा सीझन, आणि सगळ्या फाइली ज्या ऑनलाइन ड्राइव्हवर येतात त्या कंपनीने लिनक्ससाठी सिंकचं, म्हणजे लॅपटॉप आणि ड्राइव्हवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणारं, ॲपच काढलेलं नाही. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये ऑनलाइन अकाउंट जोडता येतं, ड्राइव्ह दिसतोही, पण तो नुसता दिसतो, सिंक होत नाही. नेट गेलं की फाइल गेली, आणि आमच्याकडे पावसाळ्यात नेट कसं असतं ते काय सांगू.

मग शोधत शोधत आरक्लोनवर आलो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, सत्तरच्या वर क्लाउड सर्व्हिसेसशी बोलतं, पण सगळं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत. 'आरक्लोन कॉन्फिग' म्हटलं की प्रश्न विचारत जातं, ब्राउझर उघडतं, तुम्ही परवानगी द्यायची, झालं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं.

पहिली रडकथा टोकनची, म्हणजे एकदा दिलेली परवानगी टिकवणाऱ्या किल्लीची. आरक्लोनचा स्वतःचा क्लायंट आयडी (ड्राइव्हशी कुठलं ॲप बोलतंय ते सांगणारी ओळख) सगळे वापरतात म्हणून स्लो पडतो, स्वतःचा काढा असं त्यांच्याच माहितीत लिहिलंय, म्हणून ड्राइव्हवाल्या कंपनीच्या कन्सोलमध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या साइटवर) जाऊन अर्धा तास डोकं लावून तो काढला. छान चाललं. सात दिवसांनी बंद. परत लॉगिन केलं, परत सात दिवसांनी बंद. तिसऱ्या आठवड्यात कळलं की कन्सोलमधलं आपलं ॲप 'टेस्टिंग'वर राहिलं तर टोकन सात दिवसच जगतं, ते 'प्रॉडक्शन'वर टाकायचं असतं. एका बटणासाठी तीन आठवडे!

दुसरी चूक पूर्णपणे माझी. आरक्लोनमध्ये 'सिंक' म्हणजे दोन्हीकडचं जुळवणं नाही, तर आज्ञेत डावीकडे लिहिलेल्या फोल्डरात जे आहे तसंच्या तसं उजवीकडच्यात करणं, म्हणजे डावीकडे नसेल ते उजवीकडून उडवणं. मी नवीन रिकामा फोल्डर डावीकडे लिहिला आणि ड्राइव्ह उजवीकडे. एंटर मारला आणि चहा घ्यायला गेलो. परत आलो तर एका अंकाच्या सगळ्या कथा ड्राइव्हवरून गायब. पोटात गोळा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. नशिबाने फाइली ड्राइव्हच्या कचरापेटीत जातात आणि तिथे तीस दिवस राहतात, त्यामुळे रात्री अकरापर्यंत बसून सगळ्या परत काढल्या, संपादकांना अजून माहीत नाही. तेव्हापासून पहिल्यांदा 'ड्राय-रन' लावल्याशिवाय हात लावत नाही, त्यात काय उडेल ते आधी नुसतं दाखवतं.

दोन्हीकडचं जुळवायचं असेल तर 'बायसिंक' लागतं. पहिल्यांदा 'रीसिंक' देऊन चालवायचं, मग ठरावीक वेळाने. अर्ध्याहून जास्त फाइली उडणार असं दिसलं तर ते स्वतःच थांबतं, म्हणजे माझ्यासारख्यांची सोय केलेली आहे. पण मिंट २२ च्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून येते ती आरक्लोनची १.६० आवृत्ती, आणि बायसिंकमध्ये मोठी सुधारणा झाली १.६६ मध्ये, तेव्हा थेट त्यांच्या साइटवरून नवीन घ्या. शिवाय हे फोल्डरवर लक्ष ठेवून बसत नाही, फाइल सेव्ह केली की लगेच वर गेली असं होत नाही. मी टायमर लावून दर दहा मिनिटांनी चालवतो. घाईत फाइल पाठवायची असली की ती दहा मिनिटं फार लांब वाटतात.

आता खास मराठीवाल्यांसाठी, कारण हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही. मिंट टाकताना मी 'होम फोल्डर एन्क्रिप्ट करा'वर (म्हणजे आपल्या फाइली कुलूपबंद ठेवा) टिक केली होती. त्यात फाइलच्या नावाला १४३ बाइटची (बाइट म्हणजे साठवणुकीचं छोटं माप) मर्यादा येते, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, प्रत्येकी तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम सत्तेचाळीस चिन्हं. 'दिवाळी अंक २०२५ दुसऱ्या विभागातील कथा अंतिम मुद्रितशोधन झालेली प्रत' असल्या नावाची फाइल खाली उतरतच नाही, नाव लांब आहे म्हणून एरर. आणि संपादक मंडळी असलीच नावं देतात हो!

त्याहून भारी गंमत 'ऱ' ची. हा ऱ दोन प्रकारे साठवता येतो, एक अख्खा ऱ किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). डोळ्यांना एकच, लिनक्सला मात्र दोन वेगळी नावं. 'दुसऱ्या' असलेली एक फाइल ड्राइव्हवरून आली होती, तीच मेलमधून आली ती मी त्याच फोल्डरात सेव्ह केली, तर 'बदलू का' असं विचारलंच नाही, गुपचूप शेजारी जाऊन बसली. एकाच नावाच्या दोन फाइली, आणि मी तीन तास जुनीवर खुणा करत होतो. आता आलेल्या प्रत्येक फाइलला आधी रोमनमध्ये छोटं नाव देतो. आयुष्यभर लोकांचं मराठी शुद्ध करायचं आणि स्वतःच्या फाइली रोमनमध्ये ठेवायच्या, असो.

आरक्लोनचं 'माउंट', म्हणजे ड्राइव्ह लॅपटॉपवरच्या फोल्डरसारखा दाखवणं, मात्र मला मनापासून आवडलं. जुन्या अंकांचा सगळा साठा ड्राइव्हवरच आणि लॅपटॉपवर फक्त फोल्डर दिसतो, डिस्कवर जागा जवळपास नाही. फक्त कॅशे मोड (उघडलेल्या फाइली तात्पुरत्या लॅपटॉपवर ठेवायची सोय) 'फुल' ठेवा, नाहीतर लिबरऑफिस, म्हणजे लिनक्सवरचं वर्डसारखं ॲप, सेव्ह करताना कुरकुर करतं.

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला अर्धा त्या ड्राय-रनला. टर्मिनलची भीती नसेल आणि एक रविवार घालवायची तयारी असेल तर जरूर घ्या. बाबांच्या लॅपटॉपवरही मिंटच आहे, पण तिथे मी हे टाकलेलं नाही. त्यांना ब्राउझर उघडून फाइल ओढून टाकायला शिकवलंय, आणि त्यांची एकही फाइल आजवर हरवलेली नाही.