थिओडेनसाठी बघा, लढाई बोनस समजा

लॉर्ड ऑफ द रिंग्जचा दुसरा भाग, म्हणजे 2002 चा द टू टॉवर्स, पुन्हा बघितला आणि माझं मत पक्कं झालं की तिन्हीत हाच बनवायला सगळ्यात अवघड होता. सुरुवात पहिल्यात होऊन गेलेली, शेवट तिसऱ्यात, मग याच्या वाट्याला राहतं काय तर चालणं, पळणं आणि वाट बघणं. त्यात मागं काय झालं ते सांगायची तसदीपण घेत नाहीत हे लोक, जादूगार गँडाल्फ त्या राक्षसासोबत दरीत पडतोय तिथूनच थेट गाडी चालू. पहिला भाग बघितला नसेल तर बसूच नका, 179 मिनिटं हा कोण तो कोण विचारण्यात जातील.

तरी हा पिक्चर उभा राहतो, आणि माझ्या मते तो एका म्हाताऱ्या राजामुळं. बाकी सगळ्यांच्या गोष्टी मागून चालत आलेल्या, थिओडेन मात्र इथंच पहिल्यांदा दिसतो, सिंहासनावर बसलेला, डोळे पांढरे, कानाशी तो वर्मटंग नावाचा कपटी सल्लागार कुजबुजतोय. मग भानावर येतो, पोरगा गेल्याचं कळतं, त्याच्या थडग्यापुढं मोडून पडतो, आणि तिथून उठून लोकांना घेऊन किल्ल्यात जातो. बर्नार्ड हिलनं काय काम केलंय राव. चिलखत चढवताना तो घोडा कुठाय, स्वार कुठाय अशी जुनी कविता पुटपुटतो ना, ती टॉल्किनच्या मूळ पुस्तकात ॲरागॉर्न या हिरोच्या तोंडी आहे, तीपण किल्ल्यात नाही, राजधानीकडं येतानाच्या वाटेवर. सिनेमावाल्यांनी ती उचलून राजाला दिली आणि लई भारी केलं, हरायला निघालेल्या माणसाच्या तोंडी ती वेगळीच लागते.

पण एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. पुस्तकात पहाटे किल्ल्याबाहेर घोडे काढायचं राजा स्वतः ठरवतो, म्हणतो असं कोंडून मरण्यापेक्षा बाहेर पडतो. सिनेमात तो हात टेकून बसतो आणि ॲरागॉर्न त्याला उठवतो. काहून? हिरो ॲरागॉर्न आहे हे आम्हाला माहितीय की, एवढी एक गोष्ट म्हाताऱ्याला ठेवायची होती.

लढाईबद्दल सगळे बोलतातच. आपल्याकडच्या माणसाला हेल्म्स डीप, म्हणजे थिओडेनचा तो किल्ला, समजायला वेळ लागत नाही, ज्यानं देवगिरीचा खंदक आणि ती अंधारी बघितलीय त्याला माहितीय की असला किल्ला समोरून येऊन कुणी घेत नसतं, आत काहीतरी राहून गेलेलं असतं. देवगिरीला म्हणे वेढ्यात धान्याच्या म्हणून उघडलेल्या गोण्यांत मीठ निघालं होतं, इथं भिंतीखालची पाण्याची मोरी. तटबंदी केवढी आणि घात कशानं. दगडाच्या खाणीत सेट उभारून महिनोन् महिने रात्रीचं शूटिंग केलंय, आणि ते पडद्यावर कळतं, नट खरंच भिजलेले आणि पेंगुळलेले दिसतात. मागचं हजारोंचं सैन्य कॉम्प्युटरवरचं आहे, त्यासाठी मॅसिव्ह नावाचं सॉफ्टवेअर होतं ज्यात एकेक शिपाई आपापलं बघून लढतो. आणि त्या सैन्याची आरोळी? ती वेलिंग्टनच्या स्टेडियममधली आहे, न्यूझीलंड-इंग्लंड मॅच बघायला आलेल्या पंचवीसेक हजार पब्लिककडून दिग्दर्शक पीटर जॅक्सननं स्वतः मैदानात उभं राहून ओरडून घेतलेली. हे कळल्यापासून मला तो सीन सरळ बघताच येत नाही, वाटतं आता कोणीतरी सिक्स मारणार.

गॉलम, म्हणजे त्या जादूच्या अंगठीपायी वेडा झालेला प्राणी, तो तर विचारूच नका. अँडी सर्किसनं सेटवर, अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडो-सॅमसमोर, खरोखर रांगून काम केलं आणि मग त्यावर कॉम्प्युटरची कारागिरी, म्हणून वीसेक वर्षं उलटली तरी तो खोटा वाटत नाही. रात्री तो स्वतःशीच भांडतो, कॅमेरा नुसता एकदा इकडून एकदा तिकडून, आणि आपल्याला खरंच दोन जण दिसायला लागतात. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं ते योग्यच, पण ॲक्टिंगसाठी सर्किसला नॉमिनेशनसुद्धा नाही हे मला अजून पटत नाही.

आता खटकलं ते. फ्रोडो-सॅमला वाटेत पकडणारा सरदार फॅरामिर. पुस्तकातला फॅरामिर अंगठीच्या मोहात पडत नाही, रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही असं म्हणणारा माणूस, आणि इथं तो त्या दोघांना बांधून ऑसगिलियथ या पडक्या शहरापर्यंत ओढत नेतो. अर्धा तास तिथं फुकट गेलाय. आणि चालत्याबोलत्या झाडांचा तो म्हातारा ट्रीबिअर्ड, त्याला सिनेमात जंगल तोडलेलं दाखवावं लागतं तेव्हा कुठं राग येतो, स्वतःच्या रानात काय चाललंय ते त्याला माहिती नसावं का? पण मग ती झाडं धरण फोडून सारुमान या दुष्ट जादूगाराचा सगळा कारखाना बुडवतात तो भाग बघताना मजा येतेच. आमचे मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, इतका वेळ गप बसले होते, तिथं मात्र उठून बसले, "असं फुटत नसतं धरण" म्हणले, आणि परत एकदा लावायला लावलं.

एक्स्टेंडेड आवृत्ती पाऊण तासानं मोठी आहे. त्यात फॅरामिर, त्याचा भाऊ आणि बाप यांचा एक जुना प्रसंग येतो, त्यानं तो माणूस असा का वागतो ते तरी कळतं, थेटरवाल्या कटमध्ये तेच कापलंय. म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्यानं लहान बघावा, दुसऱ्यांदा मोठा. हिंदीत लावू नका शक्यतो, सर्किसचा आवाज गेला की अर्धा गॉलम गेला, मूळ लावा आणि खाली सबटायटल ठेवा.