कोर्सेअर सीव्ही४५० : तीन हार्ड डिस्क गमावल्यावर घेतलेला एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा)

मी सांगलीत गावभागात राहते आणि घरीच डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. कॉम्प्युटर बंद पडला की त्या दिवसाची कमाई बुडाली. अशा कॉम्प्युटरमधल्या तीन हार्ड डिस्क तीन वर्षांत गेल्या.

पहिली १४ महिन्यांनी. आतून टकटक आवाज यायला लागला आणि दोन दिवसांत ती दिसेनाशी झाली. वॉरंटीत बदलून मिळाली, ती आठ महिन्यांत तशीच गेली. दुकानदार म्हणाले, "वहिनी, या कंपनीचा लॉटच खराब आलाय, दुसरी घ्या." दुसऱ्या कंपनीची घेतली. ती ११ महिने चालली आणि एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसकट गेली. ९६ पानं, दोनदा प्रूफ तपासून झालेली, आणि पेनड्राइव्हवर घ्यायची राहिलेली. मी आणि लेकीने ११ रात्री जागून ती सगळी पुन्हा टाइप केली.

मिरजेचा भाचा पॉलिटेक्निकला आहे. तो म्हणाला, "मावशी, दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क एकाच तऱ्हेने कशा जातील? डिस्कला जे मिळतंय ते आधी बघू." मला हे कुणीच म्हटलं नव्हतं. प्रत्येक जण डिस्क बदलून देत होता.

तिसरी डिस्क अजून अधूनमधून दिसत होती. ती त्याने आपल्या मशीनला लावली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिची कुंडली उघडली. सीआरसी एररचा आकडा शून्य, म्हणजे डेटा केबल ठीक. तापमान ४१ अंश, तेही ठीक. पण 'पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट' चारशेच्या वर. डिस्क फिरत असताना तिचं हेड तबकडीच्या अगदी जवळून तरंगत असतं. वीज अचानक तुटली, तर फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच वीज घेऊन डिस्क ते हेड घाईघाईने बाजूला नेते. हा आकडा त्या घाईचा. लाइट काही चारशे वेळा गेली नव्हती, शिवाय यूपीएस होता. म्हणजे वीज कॅबिनेटच्या आतच तुटत होती.

मग त्याने मल्टिमीटरची एक पिन पिवळ्या तारेला आणि दुसरी काळ्या तारेला लावली. नुसतं चालू असताना ११.८ व्होल्ट. मी मोठी पीडीएफ बनवायला घातली आणि आकडा ११.१ वर आला. बारा व्होल्टच्या लाइनला ५ टक्के सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. डिस्कची मोटर याच बारा व्होल्टवर फिरते. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, बिननावाचा. स्टिकरवर ४५० वॅट लिहिलेले, हातात घेतला तर फुलासारखा हलका. जाळीतून बॅटरी मारली तर आत दोन कपॅसिटर डोक्याकडून फुगलेले दिसले. (तो डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो.)

कोर्सेअर सीव्ही४५० तेव्हा घेतला. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), १२० मिलिमीटरचा पंखा, तीन वर्षांची वॉरंटी. त्याच पीडीएफवर त्याच मीटरने मोजलं : ११.९७ वरून ११.९४. एवढाच उतार. मला हा आकडा वॉरंटीच्या कागदापेक्षा मोलाचा वाटला. आता १९ महिने झाले, नवी डिस्क रोज दहा तास चालते. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेल्या जागा) शून्य, पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेल्या जागा) शून्य, रिट्रॅक्ट काउंट सहा.

उणं सांगायचं तर तारा सुट्या होत नाहीत. माझ्या लहान कॅबिनेटमध्ये नको असलेल्या तारांचा गुंता खाली कोंबावा लागला, हवा अडू नये म्हणून भाच्याने तो पट्ट्यांनी आवळून बांधला. मोठं ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्यांनी जास्त वॅटचा बघावा. डीटीपी, टायपिंग, मुलांचा अभ्यास, एक-दोन डिस्क यांना हा भरपूर आहे. जुना मोलेक्सचा कन्व्हर्टर (जुन्या चार पिनांच्या तारेवरून डिस्कला वीज देणारा जोड) मात्र नव्या एसएमपीएसला लावू नका. माझ्या कन्व्हर्टरचं प्लास्टिक पिनांभोवती पिवळं पडलं होतं. डिस्क थेट एसएमपीएसच्या साटा तारेवर लावा.

घरचीही एक गोष्ट निघाली. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात मीटर ३८ व्होल्ट दाखवत होता. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी आलं, त्यानंतर अर्थिंगच्या खड्ड्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. वायरमनने गंजलेला जोड बदलला, मीठ-कोळसा भरला आणि आकडा दोनच्या खाली आला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी मी आठवणीने ओतते. कामाची एक प्रत दर शनिवारी मिरजेला बहिणीकडे जाते.

दुकानदार जुना एसएमपीएस शंभर रुपयांना परत घ्यायला तयार होते. मी दिला नाही. तो उद्या दुसऱ्या कुणाच्या कॅबिनेटमध्ये बसला असता. भाच्याने त्याच्या तारा मुळापासून कापल्या आणि मग तो भंगारात घातला.