मिकोनॉस ते सँटोरिनी "डायरेक्ट फ्लाइट, ३९ मिनिटं" सांगणाऱ्या एजंटपासून सावध राहा

ग्रीसचं बुकिंग करताय आणि एजंट म्हणाला की मिकोनॉसहून सँटोरिनीला डायरेक्ट विमान देतो, तर आधी फ्लाइट नंबर मागा. नाही दिला तर ॲडव्हान्स अजिबात टाकू नका.

आम्ही दोघं आणि सासू-सासरे. सासूबाईंना बोट लागते, त्यामुळे फेरी नकोच हे एजंटला पहिल्याच फोनवर सांगितलेलं. त्याने लगेच व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी वेबसाइटचा स्क्रीनशॉट टाकला, मिकोनॉस ते सँटोरिनी ११५ किमी, फ्लाइट टाइम ३९ मिनिटं. डायरेक्ट म्हणून माणशी जादा पैसे घेतले, तेही स्वतःच्या पर्सनल यूपीआयवर. तिकिटं मागितली की "होतायत सर, ग्रुप फेअर आहे." व्हिसा आला, हॉटेलं नॉन-रिफंडेबल झाली आणि मग निघायच्या तोंडावर साहेबांनी पीडीएफ पाठवली. त्यात दोन वेगळे पीएनआर, मिकोनॉस-अथेन्स आणि अथेन्स-सँटोरिनी, मधे जवळपास पाच तास बसायचं! जाब विचारला तर म्हणे, "सर, डायरेक्ट अंतर तेवढंच आहे ना, मी खोटं काय बोललो?"

आता यातली गोम ऐका. त्या अंतर सांगणाऱ्या साइट कुठलेही दोन विमानतळ घेतात, सरळ रेघेचं अंतर काढतात, ताशी ८००-९०० किमीच्या हिशोबाने भागतात आणि टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास वर टाकतात. त्या मार्गावर विमान उडतं की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. या दोन बेटांमधे डायरेक्ट विमान एखाद्या सीझनला असलं तर असलं, एरवी अथेन्सला जाऊनच यावं लागतं. नकाशात बघा, सँटोरिनी मिकोनॉसच्या सरळ दक्षिणेला आणि अथेन्स वायव्येला, म्हणजे आधी उलटं १३५ किमी जायचं आणि मग तिथून २२० किमी खाली यायचं. साताऱ्याहून कोल्हापूरला जायला आधी मुंबई गाठण्यातला प्रकार.

आणि वेगळे पीएनआर हे त्याहून मोठं दुखणं आहे. अथेन्सला बॅगा बेल्टवरून उचलायच्या, परत चेक-इनच्या लाइनीत लागायचं, आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर कोणी वाली नाही, नवीन तिकीट काढा. वर दुसरं तिकीट फक्त केबिन बॅगचं निघालं. काउंटरवर युरो भरताना सासरे मोबाईलवर रुपयात गुणाकार करत होते आणि दर बॅगेला जावयाकडे बघत होते.

उन्हाळ्यात फास्ट फेरी अडीच-तीन तासात पोचवते, ते पण निम्म्याहून कमी पैशात. जुलै-ऑगस्टमधे तिकडे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तेव्हा समुद्र खवळतो, कधीकधी फेऱ्या रद्दही होतात, त्यामुळे बोट लागणाऱ्याचे हाल आहेतच. पण मग एजंटने तसं सरळ सांगायचं ना! आम्ही अथेन्सहून आधी एक बेट आणि परत येऊन दुसरं असं प्लॅन केलं असतं, किंवा एकच बेट ठेवलं असतं.

कन्झ्युमर हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकलीये. तिकडून एजंटला मेल गेल्यावर आता तो "गुडविल म्हणून" थोडे पैसे परत देतो म्हणतोय, पण अट अशी की आधी गूगलवरचा रिव्ह्यू काढा. काढणार नाहीये.