इरॅस्मस की थॉमस मोर: सार्वजनिक कामात पडणाऱ्याने सुरुवात कोणापासून करावी?

ख्रिस्ती मानवतावाद, म्हणजे मूळ धर्मग्रंथ आणि शिक्षण यांवर भर देणारा युरोपातील विचारप्रवाह, केवळ अभ्यासासाठी नव्हे, तर संस्थेत किंवा ग्रामपंचायतीत काम करताना उपयोगी पडावा म्हणून वाचायचा असेल, तर सोळाव्या शतकातील दोन विचारवंत, रॉटरडॅमचा इरॅस्मस आणि लंडनचा थॉमस मोर, यांच्यापैकी आधी कोणाला हाती घ्यावे, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे होता. दोघे जिवलग मित्र. धर्म मूळ ग्रंथांच्या आधारे समजून घ्यावा आणि माणूस शिक्षणाने घडवावा, याविषयी त्यांच्यात दुमत नव्हते. वेगळेपण दिसते ते मतभेद समोर आल्यावर.

मोरचे धैर्य निर्विवाद आहे. १५३२ मध्ये त्याने लॉर्ड चॅन्सेलरचे, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याचे पद सोडले, पुढे राजा आठवा हेन्री याने मागितलेली, पोपचा अधिकार नाकारणारी शपथ घेतली नाही आणि ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. खटल्यात त्याने, आपले मौन हा राजद्रोहाचा पुरावा होऊ शकत नाही, उलट कायद्याच्या जुन्या सूत्रानुसार मौन ही संमतीच मानली जाते, असा युक्तिवाद केला. सदसद्विवेकबुद्धीचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच सापडेल.

इरॅस्मसजवळ असा एकही क्षण नाही. पोपच्या चर्चला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या वादात तो दोन्ही बाजूंना आपला वाटला नाही. बायबलमधील नव्या कराराच्या १५१६ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीच्या प्रास्ताविकात शेतकऱ्याने नांगरामागे आणि विणकराने मागावर शास्त्रवचने गुणगुणावीत अशी इच्छा त्याने व्यक्त केली, पण तीही लॅटिनमध्ये, जी त्या शेतकऱ्याला वाचता येणार नव्हती. ही उणीव मला आजही जाणवते.

तरीही मोरच्या बाबतीत एक गोष्ट मला ओलांडता आली नाही. ‘युटोपिया’ या आपल्या पुस्तकातील आदर्श राज्यात बहुतेक धर्ममतांना मोकळीक देणारा हा लेखक चॅन्सेलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले आणि त्या शिक्षेचे त्याने लेखणीने समर्थन केले. काळाची मर्यादा मान्य केली, तरी स्वतःच्या विवेकासाठी प्राण देणाऱ्याला दुसऱ्याचा विवेक दिसू नये, हे मनाला लागते.

ते इतके लागण्याचे कारण माझ्या अनुभवात आहे. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत संस्थेच्या ध्येयधोरणाचा चौदा कलमांचा ठराव झाला आणि प्रत्येक कलम मान्य असल्याची सही प्रत्येकाने करावी, असा मी आग्रह धरला. ठरावाच्या वहीत दोन रकाने कोरे राहिले. ते दोघे पुन्हा बैठकीला आले नाहीत. त्यानंतर काही महिन्यांनी इरॅस्मसचे १५२३ चे एक पत्र वाचनात आले. शांतता आणि एकमत टिकवायचे असेल तर शक्य तितक्या कमी गोष्टींची व्याख्या करावी आणि पुष्कळ बाबतींत ज्याला त्याला आपापला निर्णय करू द्यावा, असे तो त्यात सांगतो. पुढच्या बैठकीत आम्ही तीनच कलमे ठेवली. त्या दोघांपैकी एक परत आले आणि आज पुस्तकखरेदी तेच पाहतात.

एका वाचनालयाच्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येणार नाही, याची मला जाणीव आहे. मात्र ज्यांना भिन्न मतांच्या माणसांना घेऊन वर्षानुवर्षे काम करायचे आहे, त्यांना इरॅस्मस अधिक सोबत करील, असे मला वाटते. न पटणाऱ्या कागदावर उद्याच सही मागितली जाणार असेल, त्यांनी मात्र आज रात्री मोरचा खटला वाचावा.