आमच्या बाजूने बसलेले वकील : ग्रंथालयातील मोफत इमिग्रेशन सल्ला केंद्र

मध्य न्यू जर्सीत आमच्या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात महिन्यातून दोन शनिवारी इमिग्रेशन कायद्याचे मोफत सल्ला केंद्र भरते. कायद्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी तेथे परवानाधारक वकिलांच्या देखरेखीखाली काम करतात. मी सप्टेंबर २०२५ पासून तेथे चार वेळा जाऊन आले आहे. एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार व मुलांच्या) व्हिसावर वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

आमची अडचण अनेक घरांत आहे तीच होती. मुलगी सात वर्षांची असताना आम्ही पुण्याहून येथे आलो आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये तिला एकविसावे वर्ष पूर्ण होणार होते. त्या दिवशी तिचा एच-४ दर्जा संपतो, मग आईवडिलांच्या ग्रीन कार्डाची रांग कितीही पुढे सरकलेली असो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि कोणत्याही एका देशाला त्यांतील सात टक्क्यांहून अधिक सहसा मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील जागा ठरवणारी तारीख, २०१३ ची आहे. २००२ च्या बाल दर्जा संरक्षण कायद्यानुसार मुलाचे वय ठरावीक दिवशी गोठवता येते, म्हणजे पुढे एकवीस उलटले तरी ग्रीन कार्डापुरते ते लहानच धरले जाते. फेब्रुवारी २०२३ पासून तो दिवस ठरवण्यासाठी व्हिसा बुलेटिन या रांगेची स्थिती सांगणाऱ्या मासिक सरकारी पत्रकातील अर्ज भरण्याच्या तारखांचा तक्ता धरला जात होता आणि तो आमच्या तारखेच्या दिशेने सरकत असल्यामुळे आम्ही आशेवर होतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएस या इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याने पुन्हा अंतिम कारवाईच्या तारखांचा, म्हणजे सहसा त्याहून मागे असणारा, तक्ता धरायला सुरुवात केली आणि ती आशा संपली.

यजमानांच्या कंपनीच्या वकिलांना ईमेल केला, तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले की अवलंबितांच्या वैयक्तिक प्रश्नांवर ते सल्ला देत नाहीत. त्यांचे पैसे कंपनी देते आणि त्यांचे लक्ष कंपनीच्या अर्जावर असते, हे तोवर आमच्या नीट ध्यानातच आले नव्हते. बारा वर्षे आम्ही ज्यांना ‘आपले वकील’ म्हणत होतो, ते आमच्या मुलीचे वकील कधीच नव्हते. त्यानंतर आम्ही एका ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’कडे ४०० डॉलर मोजले. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला तेव्हा मुलगी लहान होती, म्हणजे ती सुरक्षित आहे, असे त्या गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले आणि ते साफ चुकीचे होते. त्यांच्या दारावर ‘नोटरी’ अशी पाटी होती. आपल्याकडे नोटरी म्हटले की कोर्टाच्या आवारात काळा कोट घालून बसलेला वकील डोळ्यांसमोर येतो आणि माणूस विश्वास टाकतो. अमेरिकेत मात्र नोटरी केवळ सहीची साक्ष देतो आणि त्याला कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नसतो. येथे असा सल्ला देण्याचा अधिकार वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेतील अधिकृत प्रतिनिधीलाच आहे, ही गोष्ट मला केंद्रात पहिल्याच भेटीत समजली.

पहिल्या भेटीत आमच्यासमोर कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी बसली होती. तिने प्रथम एक करारपत्र वाचून दाखवले. आज आम्ही फक्त सल्ला देणार आहोत, तुमचा खटला चालवणार नाही, आणि तुम्ही सांगाल ते या खोलीबाहेर जाणार नाही, असा त्यातील मजकूर होता. मग तिने कोऱ्या कागदावर पट्टीने एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर मुलीचा जन्मदिवस, आय-१४० दाखल झाल्याचा दिवस, मंजुरीचा दिवस आणि एकविसावा वाढदिवस अशा खुणा केल्या. वय मोजताना आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा होतात, हे सांगून तिने दोन खुणांमधील अंतरावर पेन्सिल ठेवली. ते अवघे अकरा दिवस होते. निकाल लवकर लागावा म्हणून कंपनीने प्रीमियम शुल्क भरले होते आणि त्या घाईमुळे वजा होऊ शकणारे महिनेच उरले नव्हते. आमच्या बाबतीत ते महिने असते तरी पुरले नसते, हेही तिने स्पष्ट केले. पण बारा वर्षांत हे गणित आम्हाला कोणी असे मांडून दाखवले नव्हते.

उपाय होता तो एफ-१ या विद्यार्थी दर्जात बदल करून घेण्याचा. कॉलेजकडून आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र घ्यायचे, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर शुल्क भरायचे आणि वाढदिवसाच्या पुरेसे आधी आय-५३९ हा दर्जाबदलाचा अर्ज दाखल करायचा. तो ऑनलाइन भरल्यास ४२० डॉलर आणि कागदावर भरल्यास ४७० डॉलर पडतात. एफ-१ झाल्यावर फीचा दर बदलेल का, हे कॉलेजकडून लेखी घ्या, असेही तिने बजावले.

यानंतर तिने विचारलेल्या एका प्रश्नासाठी मी या केंद्राची कायम ऋणी राहीन. “डिसेंबरमध्ये तुमच्यापैकी कोणी भारतात जाणार आहे का?” माझ्या पुतणीचे साताऱ्याला लग्न होते आणि चौघांची तिकिटे काढून झाली होती. दर्जाबदलाचा अर्ज प्रलंबित असताना अर्जदार देशाबाहेर गेला, तर तो अर्ज सोडून दिला असे मानले जाते. मुलगी लग्नाला गेली असती, तर परतीसाठी तिला मुंबईच्या वकिलातीत एफ-१ व्हिसाची मुलाखत द्यावी लागली असती, आणि आईवडील ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना ‘शिक्षण संपल्यावर मी परत जाईन’ हे पटवून देणे सोपे नसते. देखरेख करणाऱ्या वकीलबाईंनी स्वतः येऊन हा धोका पुन्हा समजावून सांगितला आणि निर्णय आमच्यावर सोपवला. मुलगी त्या संध्याकाळी खूप रडली, पण तिने तिकीट स्वतःच्या हाताने रद्द केले. अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला आणि वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी मंजुरी आली.

प्रतीक्षागृहात बसल्यावर या कामाचा पसारा कळतो. माझ्या शेजारी एक हैदराबादचा विद्यार्थी बसला होता. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक बंद करण्यात आल्या होत्या आणि देशभर दावे दाखल झाल्यावर एप्रिलच्या अखेरीस त्या पूर्ववत होऊ लागल्या, त्यांत त्याचीही नोंद होती. व्हिसा रद्द होणे आणि देशातील दर्जा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला येथेच प्रथम समजले होते. पलीकडे एका मातेला दुभाष्यामार्फत सांगितले जात होते की सरकारी शाळा मुलाला इमिग्रेशन दर्जाच्या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच तसा निकाल दिला आहे. इमिग्रेशन न्यायालयात वकील नेमण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण सर्वसाधारणपणे त्याचा खर्च सरकार करत नाही. म्हणून अशा केंद्रांचे मोल मोठे आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. प्रत्येकाला चाळीस मिनिटे मिळतात आणि गुंतागुंतीच्या प्रकरणाला ती कमी पडतात. कोणताही अर्ज ते तुमच्या वतीने दाखल करत नाहीत, आम्हीही आय-५३९ स्वतःच भरला आणि त्यांनी तो केवळ तपासून दिला. नोव्हेंबरमध्ये परीक्षांच्या काळात आमच्या ईमेलला उत्तर यायला सोळा दिवस लागले, ते दिवस आम्हाला फार जड गेले. दुभाषे स्पॅनिश, हिंदी आणि गुजराती आहेत, मराठी कोणीही नाही. सासूबाईंच्या मुक्काम वाढवण्याच्या प्रश्नासाठी गेलो, तेव्हा त्यांना हिंदीत बोलताना संकोच वाटला आणि अर्ध्या गोष्टी त्यांनी घरी आल्यावर मला सांगितल्या. परिसरात इतकी मराठी कुटुंबे आणि महाराष्ट्र मंडळाचे एवढे कार्यकर्ते असताना ही उणीव दूर करणे अवघड नसावे.

जाणाऱ्यांनी पासपोर्ट, छापलेला आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), सर्व आय-७९७ मंजुरीपत्रे आणि मुलांचे जन्मदाखले सोबत न्यावेत. जन्मदाखला मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही न्यावे. दार दहा वाजता उघडते, पण चिठ्ठ्या साडेनऊलाच वाटतात आणि त्या वीसच असतात.