फ्रेम एक नंबर, पण चित्रातला घाट नाशिकचा नाही

बाबांच्या पंचाहत्तरीला साडी-शर्ट-घड्याळ असलं काही न देता आठवणीतलं काहीतरी द्यायचं ठरलं, म्हणून कॉलेज रोडच्या एका दुकानात 'कस्टम पेंटिंग' करायला टाकलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण आता बऱ्याच ठिकाणी हेच चाललंय आणि मालकाने नंतर निम्मे पैसे परतही दिले.

सांगितलं काय होतं, तर १९६९ चा गोदावरीचा पूर. तेव्हा बाबा १९ वर्षांचे, आजोबांचं दुकान भांडीबाजारात, पाणी चढायला लागल्यावर बाबा आणि काकांनी पितळी घंगाळी डोक्यावर घेऊन किती खेपा केल्या ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. अजूनही गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बाबांचा पहिला प्रश्न गोदाकाठच्या दोन तोंडांच्या मारुतीबद्दल (पुराचं पाणी आम्ही नाशिककर त्याच्यावरूनच मोजतो), "मारुतीला कुठवर लागलं?" तर दुतोंड्या मारुती, नारोशंकर मंदिराची घंटा, पाण्यातून चाललेले दोघं भाऊ, एवढं सगळं मी त्यांना व्यवस्थित लिहून दिलं होतं. ३८०० रुपये, सगळे आधी भरले.

दोन दिवसांत चित्र तयार! पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच भारी वाटलं, पाण्याचा रंग, ढग, सगळं. मग जरा जवळून बघितलं तर मारुतीला एकच तोंड. घंटा नाहीच. उंचच उंच पायऱ्या, त्यावर मोठमोठ्या छत्र्या, म्हणजे सरळ सरळ काशीचा घाट. आणि घंगाळाला एका बाजूला कडी आहे, दुसऱ्या बाजूला नाहीच, भांडीवाल्याच्या पोराला असलं चित्र कसं देणार हो? खाली 'पंचाहत्तरी' तेही चुकलेलं, 'पंचाहतत्री'.

विचारायला गेले तर कळलं हे एआयने केलंय. बिलावर 'हँड पेंटेड लुक' लिहिलंय म्हणे, तो 'लुक' शब्द मी वाचलाच नव्हता. राग आला तो याचा. एआय वापरता तर वापरा, पण तोंडाने सांगा ना आधी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा आर्टचा डिप्लोमा केलेला, पंचवटीतलाच. म्हणाला, "ताई मला दुतोंड्या मारुती माहितीये हो, रोज तिथूनच येतो. तीनदा टाईप केलं, एकदा दोन मारुती शेजारी शेजारी आले, एकदा भलतंच काहीतरी आलं." आधी तो एका चित्राला दोन दिवस घ्यायचा, आता दिवसाला बारा-पंधरा काढून द्यावी लागतात, वहीत स्केच करायला बसला की मालक म्हणतात टाईप कर. म्हणजे ज्याला मारुती माहितीये त्याने बटणं दाबायची आणि ज्याला माहिती नाही ते मशीन चित्र काढणार, हे मला अजूनही पचत नाहीये.

ही एआय मॉडेल नेटवरची चित्रं आणि त्याखालचं वर्णन यांच्या जोड्यांवर शिकतात, स्टेबल डिफ्युजन नावाचं चित्रं काढणारं एआय ज्या साठ्यातल्या चित्रांवर शिकलं त्या लायन-५बी मध्ये ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यात काशीच्या घाटांचे फोटो चिक्कार असणार आणि आपला मारुती असून असून किती असेल? म्हणून घाट म्हटलं की काशी. आणि मी काही एआयच्या विरोधात नाहीये, आमंत्रणाचा मजकूर मीच चॅटजीपीटीकडून घेतला होता. मग मामेबहिणीने तिच्या सासऱ्यांच्या अमृतमहोत्सवाचं आमंत्रण दाखवलं, तर ऐंशी टक्के तेच. २०२४ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या गोष्टी वाचकांना जास्त चांगल्या वाटल्या, पण त्या एकमेकींसारख्या व्हायला लागल्या. आमच्या दोन आमंत्रणांचं अगदी तेच झालं!

शेवटी त्याच मुलाला विचारलं, तू हाताने काढशील का? मालकाला सांगून, सुट्टीच्या दिवशी, वेगळे ६००० देऊन. तो रविवारी घरी आला आणि आधी दोन तास नुसता बाबांशी बोलत बसला. घंगाळ डोक्यावर का खांद्यावर? पुढे कोण होतं, तुम्ही का काका? पाणी कुठपर्यंत, गुडघ्याला का मांडीला? बाबांनी त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतः कडी काढून दाखवली. एवढे प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत आम्ही कोणी त्यांना विचारले नव्हते, आणि मशीनने तर एकही विचारला नाही.

तर रेटिंग: फ्रेमला पाच, छपाईला चार, चित्राला एक. जाणार असाल तर हाताने काढणार का एआयने ते आधी विचारा आणि बिलावर स्पष्ट लिहून घ्या.

पंचाहत्तरी होऊन गेली, चित्र अजून पूर्ण नाहीये. काकांची टोपी राहिलीये. बाबा म्हणतात काळी होती, आत्या म्हणते पांढरीच, म्हणून येत्या रविवारी आत्याला सिडकोतून घेऊन यायचंय.